डब्याची पेज

ये, जरा जवळ सरक. अशी नको, अजून जवळ. कागदावरून जितकं जवळ येता येतं तितकी ये, कारण मला तुला रागवायचंय, आणि लांबून रागवलं की जास्त लागतं.

परवा फोनवर विचारलं, जेवलीस का गं, तर तू आवाज एकदम खाली घेतलास. "काही केलं नाही आजी, पाकिटातलं सूप प्यायले नुसतं." सांगितलंस असं, की मला वाटलं शेजारणीची कोंबडी चोरून खाल्लीस. वर पुन्हा, "आईला नको सांगू हं." अगं बाई, दिवसभर राबून घरी आलीस, पाणी उकळलंस, पाकीट फोडलंस, पाय वर घेऊन गरम गरम प्यायलीस. मी विचारलं, आवडलं का? तर म्हणालीस, हो, मला आवडतंच. मग झालं की. आवडलेल्या जिन्नसाला कुजबुजून कशाला सांगायचं? आणि आईला सांगू नको म्हणे. तुझ्या आईचं या बाबतीत काय आहे ते मी पुढे सांगणारच आहे. आधी चाचीचं ऐक.

चाची म्हणजे आमची घरमालकीण. लग्न होऊन मी रत्नागिरीला आले, तेव्हा तुझे आजोबा खाडीकडच्या एका लाकडाच्या वखारीत कारकून होते. वखारीजवळ जागा मिळेना. मिळाली ती चाचीच्या घराच्या पाठच्या बाजूच्या दोन खोल्या. पुढचं घर तिचं, पाठचं आमचं, मध्ये विहीर. सासूबाईंनी गावाहून निरोप धाडला, मुसलमानाच्या घरात राहणार, पाणी कुठलं पिणार? आजोबांनी उलट निरोप पाठवला, विहिरीचं. एवढंच. तुझे आजोबा कमी बोलायचे, आणि ती कसर मी अजून भरून काढतेय.

चाची उंच, काटकुळी, पन्नाशी उलटलेली. नाकात चमकी, डोक्यावरून पदर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्या जुडग्यात एक लोखंडी आकडा अडकवलेला असायचा, डबे फोडायचा. ती चालायला लागली की तो आधी वाजायचा. तिचा नवरा बोटीवर भंडारी होता. जात नव्हे गं, हुद्दा. आगबोटीवर खलाशांचा स्वयंपाक करतो तो भंडारी. तो परदेशच्या कुठल्याशा बंदरात वारला, तिकडेच त्याला माती दिली. घरी आली ती त्याची पेटी. पेटीत कपडे थोडे आणि डबे फार. ते सुपाचे डबे. टोमॅटोचं, हिरव्या वाटाण्याचं, कसल्याशा कंदांचं, शिवाय कागदी पाकिटात पिवळी पूड. पुढे त्याच्या हातचं जेवलेले खलाशी रजेवर गावी यायचे, तेव्हा चाचीला सलाम करायला यायचे ते हातात डबे घेऊनच. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. भंडाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, एवढंच.

मी राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी मला चमत्कारिक वाटलं. आमच्याकडे संध्याकाळी कौलांमधून धूर वर येतो. धूर दिसला की समजायचं घरात सगळं ठीक आहे, माणसं आहेत, भात चढलाय. खाडीकाठच्या सगळ्या घरांवर धूर, आणि पुढच्या घरावर काही नाही. मी आजोबांना हळूच विचारलं, पुढे कोण गेलं हो? ते म्हणाले, "नवरा गेला. पण वर्ष होऊन गेलं."

आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजार, भाऊबंद जेवण पोचवतात. दिवस सरले की घरची बाई चूल सारवते, पेटवते, आणि लोक समजतात की घर पुन्हा चालू झालं. चाचीने ती चूल पेटवलीच नाही. लोकांना वाटलं, बिचारी अजून दुःखात आहे. धूर दिसत नाही म्हणून जेवण येतच राहिलं. एकीकडून कालवण, दुसरीकडून भाकऱ्या. मीही बावळट, दुसऱ्या दिवशी पातेल्यात आमटीभात घालून नेला.

ती पडवीत आरामखुर्चीवर बसली होती. तिने पातेलं घेतलं, दुवा दिली, आत गेली. थोड्या वेळाने पातेलं परत आलं, आणि आत लाल भडक, दाट, वाफ येणारं काहीतरी. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हे तर आपल्याकडेही आहेच. साखर घालतात, चार आमसुलं टाकतात. हिने हे घातलं होतं. मी विहिरीच्या कट्ट्यावर पातेलं ठेवून बघत उभी राहिले. पुढून आवाज आला, "गो पोरी, बघून पोट भरत नाय."

मी म्हटलं, "चाची, हे काय?"

"सूप. टमाट्याचं."

"तुम्ही केलंत?"

"मी फोडलं," ती म्हणाली. "केलं कुणी ते मला ठाऊक नाय, आणि कुणी खाल्लं ते त्याला ठाऊक नाय. दोगंही सुखात."

सगळ्या वाडीची भांडी अशीच परत जायची. वाडीने त्याला नाव ठेवलं होतं डब्याची पेज. कुणी ती माडाच्या आळ्यात ओतायचं, कुणी कोंबड्यांना घालायचं, आणि कुणी, हे मला पुढे कळलं, दार लोटून प्यायचं.

आता ती कशी प्यायची ते ऐक, म्हणजे तुला कळेल मी कशाबद्दल बोलतेय. संध्याकाळची नमाज झाली की ती स्टोव्ह पुढे घ्यायची. पंप मारायची. फळीवरून डबा काढायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि पावसाळ्यात कागद ओलावून गळून पडायचे, तेव्हा चित्रांचाही उपयोग नसायचा. म्हणून डबा घरात आला की आणणाऱ्याला विचारून ती त्यावर कोळशाने खूण करायची. टोमॅटोला फुली, वाटाण्याला गोल, कंदाला आडवी रेघ. मांसाचा डबा असला तर तिथल्या तिथे परत. "ज्याची मान कुणी कापली ते मला ठाऊक नाय, ते मी खात नाय." सूप कढईत पडलं की मंद आचेवर ढवळत बसायची, उकळू द्यायची नाही. वरून ताजी कुटलेली मिरी. शेवटी लिंबू, तेही चार थेंब. मोठा चिनी मातीचा कप, गोल तोंडाचा बोटीवरचा चमचा, बशीत बेकरीतले कडक बटर. मग पडवीत, रस्त्याच्या अंगाला, खुर्चीत पाय वर घेऊन बसायची आणि मोठ्याने सांगायची, "आता कुणी हाक मारू नका. मी जेवतेय."

हेच लोकांना खुपायचं गं. डबा खुपत नव्हता. विधवा बाईने आत अंधारात, ताटातलं उरलंसुरलं खावं. ही रस्त्यावर दिसेल अशी बसून, चवीने, डोळे मिटून खायची. येणारेजाणारे बघायचे. एकदा समोरच्या घरातली बाई थांबून म्हणाली, "चाची, एकट्या बाईला एवढा थाट कशाला?" चाचीने आधी तोंडातला घास गिळला. मग म्हणाली, "एकटीला नाय करायचा तर कुणाला करायचा? अकरा माणसं होती तेव्हा मी वाढणारीण होते. आज मी जेवणारीण हाय."

मी एकदा विचारलं, चूल का नाही पेटवत? तर मला हात धरून आत नेलं आणि आढ्याकडे बोट दाखवलं. सगळं काळं कुळकुळीत. "हा आतला धूर बघ. एवढाच माज्या छातीत हाय. लग्न झाल्यापासून गिळला. सासू होती, सासरे होते, नणंदा होत्या. मोठा जेवण करायचा बोटीवर, मी करायची घरात, आणि दोगं एकमेकांच्या हातचं जेवलो ते किती, बोटावर मोजशील. आता रडायचं ते रडले. खायला मी एकटी. पुन्हा फुंकणी कशाला धरू?" मोठा म्हणजे तिचा नवरा. त्याचं नाव ती घेत नसे.

रिकामे डबे ती टाकत नसे. चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर, ओळीने मांडून त्यात अबोली, ओवा, मिरच्या लावलेल्या. मला एका डब्यात तुळस लावून दिली. म्हणाली, "तुज्या देवाला डबा चालत असला तर घे." सासूबाई आल्या तेव्हा मी ती तुळस लपवायला निघाले होते. आजोबा म्हणाले, राहू दे. सासूबाईंनी ती बघितली. सकाळी आंघोळ करून त्याच डब्यात पाणी घातलं.

आता तुझ्या आईचं. त्या पावसात मला दिवस गेले आणि माझं खाणंच बंद झालं. माझ्याच चुलीचा धूर नाकात गेला की पोटातलं सगळं वर. ओली लाकडं, कोंदट घर. आजोबा पेज करून द्यायचे, तीही राहायची नाही. चाचीला पाठीमागून माझं ओकणं ऐकू जायचं. एक दिवस कप घेऊन दारात उभी. "धुराशिवायचं पी."

मी प्यायले. गरम, आंबट, मिरीचं. पोटात राहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजच मी त्या वेळेला विहिरीवर जायला लागले, कप पदराखाली घेऊन. तिने हे बघितलं. "हे पदराखाली काय?" मी म्हटलं, "चाची, कुणी बघितलं तर. सासूबाईंना कळलं तर." ती म्हणाली, "मग नको पिऊ. लपवून प्यायलेलं पचत नाय. घरवाल्याला सांग, आणि पडवीत बसून पी."

त्या संध्याकाळी मी आजोबांना सांगितलं.  त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मिरी असते का त्यात?" मी म्हटलं, असते. ते म्हणाले, "मग मला पण एखाद दिवशी." झालं एवढंच. तेव्हापासून मी पडवीत बसून, सगळ्यांसमोर प्यायले. तर अशी तुझी आई डब्याच्या पेजेवर वाढलेली आहे. आता सांग तिला खुशाल.

आमच्यासारखं अजून एक भांडं रोज यायचं. लहानसा पितळी टोप, वर फडकं गच्च बांधलेलं. तो चाचीच्या जावेचा. चाचीचा धाकटा दीर त्याच वाडीत राहायचा, सुक्या मासळीचा व्यापार, घर भरलेलं, माणसं ढीगभर. त्याची बायको पोटाच्या दुखण्याने खाटेला खिळली होती. घरातलं तिखट कालवण तिला सोसत नव्हतं. टोपात थोडंसं सालन, म्हणजे तेच कालवण, घालून ती कुणाच्या तरी हाती पाठवायची, आणि परत जायचं ते सूप, फडक्याखाली. नवऱ्याला पत्ता नाही. चाची टोप भरताना पुटपुटायची, "ही पण लपवून पिते. म्हणून बरी होत नाय."

दीर तसा वाईट नव्हता गं. नमाजी माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही. पण त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की ज्या घरातून धूर निघत नाही ते घर बंद झालं, आणि बंद घरात बाईमाणसाने राहणं म्हणजे घराण्याची बदनामी. लोक जेवण धाडतात, म्हणजे आपली भावजय भीक खाते, असं त्याला चारचौघांत कुणीतरी ऐकवलं होतं. शिवाय त्याचं घर आता बाईवाचून अडलं होतं. एका सकाळी तो पडवीत आला, खाली मान घालून म्हणाला, "भाबी, गुरुवारी संध्याकाळी जमातीचे दोगे बुजुर्ग येणार हायत. त्यांच्यासमोर ठरवू. तुमी आमच्याकडे चला, या घराला कुलूप लावू. पोराचं लगीन झालं की तो इथं येईल. तुमी सामान बांधून ठेवा."

"कोण येणार म्हणालात?" चाचीने विचारलं. त्याने सांगितलं. एक तांडेल, म्हणजे बोटीवर खलाशांचा मुकादम असलेला म्हातारा. दुसरे मशिदीचा कारभार बघणारे, फार मोजकं बोलणारे.

"येऊ देत," ती म्हणाली. "त्या वेळेला मी जेवत असते. घरीच सापडेन."

गुरुवारपर्यंत मला झोप लागली नाही. तिचं घर गेलं की आमच्या खोल्याही जाणार, माझं पोट दिसायला लागलेलं. पण तेवढंच नव्हतं. मला दिसत होतं ते हे, की दिराच्या घरातल्या त्या भल्या मोठ्या चुलीपुढे चाची फुंकणी घेऊन बसलीय आणि डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि वीस माणसं पानावर बसलीत.

गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या चुलीतले निखारे तव्यावर घेतले आणि तिच्याकडे धावले. म्हटलं, "चाची, आजच्या दिवस पेटवा. नुसती नारळाची सोडणं घातलीत तरी धूर होईल. लांबून दिसेल. मग कोण काय बोलणार?"

"आणि उद्या?"

"उद्याचं उद्या."

"धूर दाखवून जे घर राखायचं, ते मग धुराचंच झालं. माजं कुठं राहिलं?" ती म्हणाली. मग एकदम माझ्या हातातला तवा ओढून घेतला. "आणि खुळी काय तू? चुलीत कोंबडी बसली हाय."

खरंच. चुलीत वाळक्या पानांचा पातेरा घालून तिने खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली होती. डोळे वटारून बसलेली. मला अशा वेळीसुद्धा हसू आलं. चाची म्हणाली, "इस्तव आणलायस तर वाया कशाला घालवू," आणि ते निखारे उदाच्या थाळीत ओतून तिने गुरुवारचा ऊद लावला. घरभर वास. धूर झाला तो तेवढाच.

तिघे आले. दीर पुढे, म्हातारे मागे. मी दारामागे उभी होते, चाचीने मला तिथून हलू दिलं नाही. स्वतः मात्र आत गेली नाही. पदर सारखा केला आणि आपल्या खुर्चीत बसून राहिली. दिराला ते आवडलं नाही. तो थेट चुलीकडे गेला. "तुमी स्वतः बघा तांडेल. राख पण नाय हिच्यात."

तांडेलला कमी दिसायचं. तो वाकला, चुलीत हात घातला, आणि कोंबडीने असा काही टोच मारला की म्हातारा मागेच बसला.

"पेटती हाय की रे," तो हात झटकत पडवीत येऊन बसत म्हणाला.

मशिदीवाल्यांच्या दाढीत काहीतरी हललं. दीर तेवढ्याने थांबणारा नव्हता. "हसण्यावारी नेऊ नका. ह्या घरात शिजत नाय. वाडी वाढते म्हणून ही जगते. आमच्या घराण्याचं नाव जातंय."

चाची म्हणाली, "भावजी, आलेलं एक तरी भांडं माज्याकडनं रिकामं गेलं काय? विचारा वाडीला."

"काय जातं त्यातनं? डब्यातलं पाणी."

"कसलं पाणी?" तांडेलने विचारलं.

"दाखवते," चाची म्हणाली, आणि उठली. जुडगा वाजला. फळीवरून तिने फुलीचे डबे काढले, आकडा लावला, कर्र कर्र करून फोडले. स्टोव्ह पेटला. आता काय सांगू तुला, समोर तिघे पुरुष तिचं घर काढून घ्यायला बसलेत, आणि ही मंद आचेवर ढवळतेय, जराही घाई नाही. मिरी कुटली. लिंबू पिळलं, चारच थेंब. तीन कप भरले, चौथा स्वतःचा.

मशिदीवाल्यांनी विचारलं, "ह्यात काय हाय?"

"टमाटे. ज्याला मान नाय ते."

त्यांनी कप उचलला नाही, पण सरकवलाही नाही. दिराने तोंड फिरवलं. तांडेलने मात्र दोन्ही हातांत कप धरला, हुंगला, एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. त्याला दात नव्हते, चूळ भरल्यासारखा घोळवून प्यायचा.

"हे भंडारी द्यायचा आमाला," तो म्हणाला. "बोट अशी लोळायची की भाताचा टोप चुलीवर ठरायचा नाय. विस्तवच ठेवायचे नाय कधी कधी, आग लागेल म्हणून. मग वाफेच्या नळीला डबे लावून तो तापवायचा आणि मगात घालून द्यायचा. धरायला दोरी एका हातात, सुपाचा मग दुसऱ्या हातात." त्याने दिराकडे बघितलं. "आमची चूल तेवा दिवस दिवस बंद असायची रे. मग बोट बंद झाली असं समजायचं काय आमी? उतरायचं काय दर्यात?"

दीर म्हणाला, "बोटीची गोष्ट येगळी."

आणि तेवढ्यात अंगणात कुणीतरी खोकलं. बघते तर त्याची बायको. खाटेवरची बाई, भिंतीला हात लावत लावत स्वतः आली होती, हातात तो पितळी टोप. फडकं नव्हतं आज. पडवीतली पुरुषमाणसं तिला बाहेरूनच दिसली असणार, चपला होत्या दारात. परत फिरता आलं असतं. ती पायरी चढून आली, पडवीच्या खांबाला टेकली, आणि मोठ्या माणसांपुढे पदर ओढून चाचीला म्हणाली, "जाऊबाय, आज वाटाण्याचं हाय काय?"

"टमाट्याचं हाय. बस," चाची म्हणाली.

दीर उभाच राहिला. "तू? हे पितेस?"

"ह्याच्यावरच जगलेय मी. तुमच्या घरातलं काय राहतं माज्या पोटात? तुमी कधी विचारलंत?" एवढं बोलून तिला धाप लागली. जरा थांबून ती म्हणाली, "आणि हिला आपल्याकडं नेऊ नका. आपल्याकडं आली की हिच्या हातात फुंकणी जाईल. मीच देईन. मला माजं ठाऊक हाय, मी आजारी बाय, मी देणारच. मग माजं सूप कोण करील?"

 स्टोव्ह तेवढा सूं करत होता. मग चाचीने आपला कप उचलला, खुर्चीत पाय वर घेतले आणि म्हणाली, "मी इथंच जेवणार. माज्या पडवीत, माज्या खुर्चीत, मला रुचेल ते. कुणाला बघवत नसेल त्यानं रस्त्याच्या पल्याड बघून चालावं. आता हाक मारू नका मला."

आणि खरंच प्यायला लागली. तिघांसमोर. डोळे मिटून.

 शेवटी मशिदीवाल्यांनी आपला कप उचलला, बिस्मिल्ला म्हटलं, एक घोट घेतला. मग दिराला म्हणाले, "घरवालीचा टोप भर आधी. उभी हाय ती."

बस. तेवढाच निवाडा झाला. त्यावर कुणी सही घेतली नाही की शब्द घेतला नाही. चाचीने जावेचा टोप काठोकाठ भरला. जावेला तो उचलवेना. तेव्हा दिरानेच तो उचलला. स्वतःचा कप त्याने शेवटपर्यंत तोंडाला लावला नाही, हट्टी तोही कमी नव्हता. पण सांडू नये म्हणून टोप दोन्ही हातांत धरून, पावलं मोजून टाकत तो वाडीतून चालला, मागे बायको, आणि ज्या ज्या घरावर धूर होता त्या त्या घराच्या पडवीत माणसं उभी राहून बघत होती. चाचीने एक डोळा उघडला. मला म्हणाली, "त्याचा कप थंड होतोय. तू पी. दोगं आहात तुमी."

पुढे आजोबांना पोफळीला वीजघराच्या कामावर नोकरी लागली आणि आम्ही रत्नागिरी सोडली. निघायच्या दिवशी चाचीने आपला निळा चिनी टोप माझ्या हातात दिला, प्रवासात पोरीला पाजायला म्हणून सूप घातलेलं. मी म्हटलं, "चाची, टोप कसा परत करू? केवढ्या लांब चाललोय."

"म्हणून तर दिला," ती म्हणाली. "आपलं भांडं दुसऱ्याच्या घरात असलं की ते माणूस येतं. रिकामा आणू नको."

वर्षभराने मी गेले, तुझी आई कडेवर आणि टोपात माझ्या हातचं कुळथाचं कळण. पडवीत खुर्ची, खुर्चीत चाची, गडग्यावर डब्यांची रांग वाढलेली. आणि पलीकडे बाकावर तिची जाऊ बसलेली, हातात कप, रस्त्याकडे तोंड करून. चाचीने कळण चाखलं, जीभ फिरवली आणि म्हणाली, "बरं हाय. पण ह्याला धूर लागलाय." टोप घेतला, आत गेली, धुतला, आणि पुन्हा भरून माझ्याच हातात दिला. असा तो टोप ती असेपर्यंत येत-जात राहिला. ती गेली तेव्हा तो तिच्या फळीवर होता की माझ्या, हे सांगायला नको. अजून आहे माझ्याकडे. तडा गेलाय, पण गळत नाही.

तेव्हा आता मुद्द्याचं. गेल्या दिवाळीत तू लाडू आणलेस तो तुझा स्टीलचा डबा माझ्याकडेच आहे. तू दोनदा विचारलंस, मी दोनदा म्हटलं सापडत नाही. सापडतोय. समोर फळीवर आहे. पोस्टाने मागू नको, मी देणार नाही, आणि रिकामा तर नाहीच देणार. लवकर ये. आईला घेऊन ये. ती पाकिटं आण तुझ्या आवडीची, पिशवीच्या तळाशी घालून नको, वर दिसतील अशी आण. मिरी मी कुटून ठेवते. दोघी पुढच्या अंगणात रस्त्याकडे तोंड करून बसू, आणि कोणी हाक मारली तर सांगू, आम्ही जेवतोय.